विमानाच्या पोटाखालची माणसे

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा एका प्रश्नाची चर्चा प्रथमच घराघरांत झाली. वैमानिकाला विश्रांती किती हवी, हा तो प्रश्न. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या कामाला मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले होते. त्यांची पुरेशी तयारी झालेली नव्हती. विमानतळांवर माणसे आणि सामान यांचे ढीग साचले, आणि थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान देणे धोक्याचे असते ही गोष्ट सर्वांना पटली. हे योग्यच झाले. परंतु त्याच दिवसांत, त्याच विमानांच्या पोटाखाली, काँक्रीटच्या विस्तीर्ण पटांगणावर जी माणसे ते सामान चढवीत आणि उतरवीत होती, त्यांच्या थकव्याचा विषय कोणाच्याही तोंडी आला नाही. वैमानिकाचा थकवा विमान थांबवतो; हमालाचा थकवा विमान थांबवीत नाही. आपल्या व्यवस्थेत कोणाचे आरोग्य मोजायचे हे या एकाच गोष्टीवर ठरते की काय, अशी शंका येते.

विमाने जेथे उभी राहतात त्या पटांगणाला एप्रन म्हणतात. प्रवासी तेथून जातो तो बहुधा काचेच्या पुलावरून किंवा बसमधून. खाली काम करणाऱ्यांत सामान चढविणारे लोडर असतात, टग नावाचे ओढगाडीचे ट्रॅक्टर चालविणारे असतात, विमानाला हातवाऱ्यांनी दिशा दाखविणारे, इंधन भरणारे, शौचकूप रिकामे करणारे आणि विमान झाडून काढणारे असतात. या कामासाठी माणसे मिळत नाहीत असे नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे लोडरच्या जागांसाठी थेट मुलाखती ठेवण्यात आल्या, तेव्हा सुमारे दोन हजार जागांसाठी पंधरा हजारांहून अधिक तरुण लोटले. त्यांत पदवीधरही होते. गर्दी आवरेना म्हणून अर्ज ठेवून घेऊन उमेदवारांना परत पाठवावे लागले. पगार वीस ते पंचवीस हजारांच्या दरम्यान होता. त्या गर्दीवरून बेकारीसंबंधी पुष्कळ लिहिले गेले. ज्या कामासाठी ती गर्दी जमली होती ते काम शरीराचे काय करते, याची विचारपूस फारशी झाली नाही.

ती आता केली पाहिजे. प्रथम ओझ्याचा विचार करू. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः दर प्रवाशी पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात नेता येते. एकशेऐंशी आसनांचे विमान पूर्ण भरले आणि प्रत्येकाने ही मुभा पुरती वापरली, तर एका खेपेला सत्तावीसशे किलो वजन होते. ते उतरवायचे आणि तेवढेच पुन्हा चढवायचे, म्हणजे सुमारे साडेपाच टन. आणि स्वस्त दराच्या कंपन्या हे सारे अर्ध्या तासाच्या आसपास आटोपू पाहतात. हा हिशेब केवळ अंकगणिताचा आहे. शरीराचा हिशेब याहून कठीण असतो. आपल्याकडे बहुसंख्येने वापरल्या जाणाऱ्या बोईंग ७३७ किंवा एअरबस ३२० या जातींच्या विमानांत सामानकक्षाची उंची सव्वा मीटरही भरत नाही. माणूस तेथे उभा राहू शकत नाही. गुडघ्यांवर किंवा उकिडवे बसून, कमरेत वळून, हात लांबवून बॅग थराला लावावी लागते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ताठ उभे राहून आणि ओझे अंगाशी धरून, उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. परदेशी जाणारी एखादी बॅग ३२ किलोपर्यंत असू शकते आणि सामानकक्षात अनुकूल असे काहीच नसते.

दुसरी गोष्ट आवाजाची. उड्डाण करणाऱ्या जेट विमानाचा आवाज तीस मीटरवर सुमारे १४० डेसिबल भरतो. एप्रनवर इतका आवाज सतत नसतो, हे खरे. परंतु विमान उभे असतानाही त्याच्या शेपटीतील लहान साहाय्यक इंजिन वीज आणि वातानुकूलन यांसाठी बहुधा चालूच असते. शेजारच्या जागेवर दुसऱ्या विमानाची मुख्य इंजिने सुरू होत असतात. आपल्या कारखानाविषयक नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि चालू इंजिनांच्या जवळपास ती सहज ओलांडली जाते. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशी व्यंजने पुसट होतात. माणसाला ऐकू येते, पण कळत नाही. घरची माणसे म्हणतात, याचे लक्ष नसते. आणि ज्याला मागून येणाऱ्या टगचा भोंगा ओळखू येत नाही, त्याच्या दृष्टीने बहिरेपण हे केवळ पुढच्या वयातले दुःख नसून आजचा धोका असतो.

तिसरी गोष्ट धुराची. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात घातले. एप्रनवर डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांचा धूर असतोच. त्यात जेट इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची भर पडते. वजनावर मोजले तर हे कण नगण्य ठरतात. संख्येने मात्र ते अफाट असतात आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. याखेरीज नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा तापलेल्या काँक्रीटवर सावली म्हणून विमानाचा पंखच काय तो असतो. रात्रपाळी तर मुंबईसारख्या अहोरात्र चालणाऱ्या विमानतळाच्या पाचवीलाच पुजलेली आहे.

या सर्व व्याधींचे एक समान लक्षण आहे. त्या हळू येतात. अपघाताचे तसे नसते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ विमानाच्या चालू इंजिनात खेचला गेला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्याला चाकांच्या कप्प्याचे दार मिटून दुसऱ्या एका तंत्रज्ञाचा अंत झाला. दोन्ही वेळी चौकशी झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले. ते आवश्यकच होते. परंतु पंधरा वर्षांत गेलेल्या कानाची, झिजलेल्या गुडघ्याची किंवा निखळलेल्या खांद्याची चौकशी होत नाही, कारण तो कोणत्या दिवशी गेला हे कोणालाच सांगता येत नाही. अपघाताला तारीख असते. आजाराला फक्त वर्षे असतात.

आणि येथेच या प्रश्नाचा खरा गाभा आहे. आजार वर्षांनी मोजायचा, तर त्या वर्षांची नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे. आज ती कोण ठेवतो?

शासन या माणसाला ओळखत नाही असे म्हणता येणार नाही. किंबहुना देशातील फारच थोड्या श्रमिकांना शासन इतके बारकाईने ओळखत असेल. एप्रनवर पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी होते, त्याला सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नागरी हवाई सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार प्रवेशपास मिळवावा लागतो. तो विमानतळाच्या कोणत्या भागात जाऊ शकतो, हेसुद्धा त्या पासवर नमूद असते. २०१९ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढलेल्या नियमांन्वये भूसेवेतील कर्मचाऱ्यांच्या श्वासाचीही मद्यपानासाठी तपासणी होते. विमानाच्या सुरक्षिततेसाठी हे सर्व हवेच. पण त्याच्या श्वासातून बाहेर काय येते हे पाहणाऱ्या व्यवस्थेने त्याच श्वासाबरोबर आत काय जाते याची कधी दखल घेऊ नये, हा विरोधाभास डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वैमानिकाच्या श्रवणशक्तीची चाचणी ठराविक काळाने होते, कारण त्याने संदेश ऐकला नाही तर विमानाला धोका. लोडरचा कान गेल्याने विमानाला धोका नाही. म्हणून तो कान कोणाचाच नाही.

कायद्याची स्थितीही अशीच आहे. स्वातंत्र्योत्तर काळात आपण कारखान्यांसाठी, खाणींसाठी, मळ्यांसाठी, बांधकाम मजुरांसाठी, विडी कामगारांसाठी, इतकेच काय चित्रपट कामगारांसाठीही स्वतंत्र कायदे केले. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा व आरोग्याचा वेगळा कायदा १९८६ साली झाला. असे तेरा कायदे एकत्र करून २०२० साली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता तयार करण्यात आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. त्या तेरांमध्ये विमानतळावरील श्रमिकांचा खास असा एकही कायदा नव्हता. बंदरात जहाजातून ओझे उतरविणाऱ्यासाठी कायदा झाला. विमानातून ओझे उतरविणाऱ्यासाठी झाला नाही. नव्या संहितेचे क्षेत्र व्यापक आहे, त्यामुळे ही उणीव भरून काढण्याची संधी आता मिळाली आहे. तथापि, तिच्यातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

पहिली अशी की, चाळीस वर्षांवरील कामगारांना मालकाने दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी द्यावी, असे या व्यवस्थेत सांगितले गेले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु आवाजाने होणारी श्रवणहानी सर्वांत वेगाने होते ती कामाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत. लोडर विशीत कामाला लागतो. चाळिसाव्या वर्षी त्याचा कान तपासणे म्हणजे धरण फुटल्यावर पाण्याची पातळी मोजण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट अशी की, संहितेच्या परिशिष्टात ज्या रोगांची सूचना अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे त्यांत आवाजाने होणाऱ्या श्रवणहानीचा समावेश आहे. पण ज्या रोगाची चाचणीच होत नाही त्याची सूचना कोण आणि कशी देणार? रोग कागदावर नाही, म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढणे मग फार सोपे होते.

नुकसानभरपाईच्या बाबतीत हा पेच अधिकच कठीण होतो. १९२३ च्या कायद्यानेही आवाजामुळे येणाऱ्या श्रवणदोषाला व्यवसायजन्य रोग मानले होते. एका मालकाकडे सलग सहा महिने काम केले असेल, तर तो दोष कामामुळेच जडला असे कायदा गृहीत धरीत असे. मात्र तो तसा नाही हे दाखविण्याची मालकाला मुभा होती. आता लोडरचा मालक कोण ते पाहा. भूसेवेची कामे बहुतांशी वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठरावीक मुदतीच्या कंत्राटाने दिलेली असतात. मे २०२५ मध्ये चेलेबी या तुर्की कंपनीचा सुरक्षा परवाना केंद्र सरकारने रद्द केला, तेव्हा मुंबई विमानतळावरील भूसेवेचा फार मोठा वाटा एका रात्रीत दुसऱ्या व्यवस्थेकडे गेला. त्या निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. कर्मचाऱ्यांना नव्या व्यवस्थेत सामावून घेण्याचे जाहीर झाले, हेही नमूद केले पाहिजे. मुद्दा इतकाच की, माणसे तीच राहिली, विमाने तीच राहिली, मालक बदलला. उद्या त्यांपैकी एकाने सांगितले की माझा कान गेला, तर नवा मालक म्हणेल, तो आधीच गेलेला होता. आणि जुना मालक म्हणायला तेथे असणारच नाही. दहा वर्षांपूर्वीचा श्रवणचाचणीचा एखादा आलेख असता, तर या वादाचा निकाल एका क्षणात लागला असता.

राज्य विमा योजनेची कथाही विचार करण्यासारखी आहे. कलिन्याला गर्दी झाली त्या वेळी, म्हणजे २०२४ मध्ये, त्या योजनेसाठी वेतनाची मर्यादा दरमहा २१ हजार रुपये होती. वीस ते पंचवीस हजारांच्या पगारापैकी बराचसा भाग तिच्या वर पडतो. दोन-चार हजार रुपये अधिक मिळतात, म्हणून माणूस योजनेच्या छत्राबाहेर जातो.

नोंद ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण डेन्मार्कमध्ये सापडते. कोपनहेगन विमानतळावरील सामान हाताळणारे कामगार आणि इतर श्रमिक यांच्या नोकरीच्या नोंदी तेथील संशोधकांनी राष्ट्रीय आरोग्य नोंदींशी जोडल्या. प्रत्येकाने किती वर्षे ओझे उचलले हे ठाऊक असल्यामुळे त्यांना दाखविता आले की, या कामाची वर्षे जसजशी वाढतात तसतसे खांद्यांचे विकार वाढतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत, सामान हाताळणाऱ्यांच्या श्वासात जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण इमारतीत काम करणाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले. तेथील कामगार संघटनांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि उभ्या विमानांची साहाय्यक इंजिने कमी काळ चालवावीत, विजेवर चालणाऱ्या गाड्या आणाव्यात, असे उपाय सुरू झाले. डेन्मार्क श्रीमंत देश आहे, हे मान्य. पण तेथे प्रथम जे घडले त्याला श्रीमंती लागत नाही. कोण, कोठे आणि किती वर्षे काम करीत होता एवढेच लिहून ठेवावे लागते.

यावर काही आक्षेप निघतील. खर्च वाढेल, तिकिटे महागतील, असे म्हटले जाईल. परंतु वर्षातून एकदा होणाऱ्या श्रवणचाचणीचा खर्च एका विमानातील प्रवाशांवर वाटला तरी तो चहाच्या कपाइतकाही होणार नाही. उद्या यंत्रे येतील आणि ओझे उचलावेच लागणार नाही, असेही सांगितले जाते. यंत्रे यावीत, पण ती येईपर्यंत पाठी माणसांच्याच आहेत.

खरा गंभीर आक्षेप निराळाच आहे आणि तो कामगारांच्या बाजूचा आहे. तपासणीत दोष निघाला तर नोकरी जाईल, ही भीती. ती निराधार नाही. पंधरा हजार माणसे दाराशी उभी असताना कान अधू झालेल्या लोडरला काढून नवा घेणे हा कोणत्याही कंत्राटदाराला सर्वांत स्वस्त उपाय वाटेल. अशा स्थितीत तपासणी म्हणजे कामगाराच्या हाती दिलेले संरक्षण न होता त्याच्यावर रोखलेले हत्यार होईल. म्हणून नोंदीची मागणी करताना दोन अटी त्याच श्वासात घातल्या पाहिजेत. नोंद कंत्राटदाराची नव्हे, कामगाराची असावी. आणि कामामुळे जडलेल्या दोषासाठी कोणालाही कामावरून दूर न करता त्याला कमी आवाजाच्या किंवा हलक्या कामावर त्याच वेतनात नेले जावे. या अटींशिवाय केलेली तपासणी न केलेली बरी.

मालक बदलत राहतो आणि कामगार तोच राहतो, या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गोदीत रोज वेगळ्या मालकाच्या हाताखाली जाणाऱ्या श्रमिकांसाठी १९५१ साली नोंदणीची योजना आली. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या बाजारपेठांतील हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यामागची कल्पना साधी होती. मालक शंभर असोत. कामगाराची नोंद एका मंडळाकडे राहील आणि त्याची मजुरी, त्याचा भविष्यनिर्वाह निधी व त्याच्या सवलती त्या नोंदीबरोबर चालतील. माथाडी मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याचा मालक ठराविक नाही त्यालाही कायमची ओळख देता येते, हे त्या कायद्याने सिद्ध केले. मशीद बंदरच्या हमालासाठी जे तत्त्व १९६९ साली मान्य झाले, ते सहारच्या हमालासाठी आज मान्य व्हायला कोणती अडचण आहे?

त्यासाठी नवे मंडळ स्थापन करण्याचीही गरज नाही. प्रवेशपास आहेच. मालक बदलला की नवा पास काढावा लागतो. त्याच वेळी आरोग्याची नोंदही पुढे सरकेल अशी व्यवस्था करता येईल. कामावर रुजू होताना एक श्रवणचाचणी, पाठ, खांदे व फुप्फुसे यांची एक तपासणी, आणि नंतर वय काहीही असले तरी दरवर्षी तीच. नोंदीची एक प्रत कामगाराच्या हातात. सर्व विमानतळांचे निष्कर्ष, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे कोठे काय बिघडते आहे हे जनतेलाही कळेल.

याचा आरंभ कोठे करावा, हेही आपोआप ठरल्यासारखे आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथून उड्डाणे सुरू झाली. जुन्या विमानतळांवर आता चाचण्या सुरू केल्या तर कोणाचे किती नुकसान कधी झाले याचा वाद राहणारच. मूळची स्थिती काय होती हे सांगणारा कागद तेथे नाही. नव्या विमानतळावर कामाला लागणाऱ्या अनेक तरुणांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांची पहिली चाचणी आत्ताच होऊ शकते. पाच वर्षांनी ती ‘पहिली’ राहणार नाही. देशातील विमानतळांची संख्या २०१४ नंतर दशकभरात दुपटीहून अधिक झाली, याचा अभिमान बाळगताना त्या प्रत्येक एप्रनवर नव्याने उभ्या राहिलेल्या माणसांची मोजदादही केली पाहिजे. केंद्र सरकारने नव्या संहितेखाली विमानतळांसाठी स्वतंत्र नियम करावेत, आणि ते होईपर्यंत राज्य सरकारने नवी मुंबईच्या व्यवस्थापनाला ही चाचणी सुरू करायला लावावे. हे काम येत्या वर्षभरात झाले नाही, तर ते पुढच्या दहा वर्षांत होण्याचा फारसा उपयोग राहणार नाही.